सरळ ओढीची रायफल आणि डावा हातमोजा

मी, नंदकुमार गणेश आठल्ये, वय छप्पन्न, राहणार स्कारबरो (कॅनडा), नोकरी विद्यापीठाच्या ग्रंथालयात संस्कृत ग्रंथांची वर्गवारी, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कोणी दटावले नसताना आणि पूर्ण शुद्धीत लिहितो. आरंभीच एक गंभीर तक्रार नोंदवतो. माझा डावा हातमोजा सापडत नाही आणि घरात कोणी कबूल होत नाही. संस्कृतात हातमोज्यांना द्विवचन लागते, एकट्याने कुठे जायची सोयच नाही. मराठीने द्विवचन टाकले आणि माझ्यावर ही पाळी आली.

कलम पहिले. घर, बँकेतली शिल्लक, गाडी आणि तिचे विंटर टायर्स माझी पत्नी सौ. पद्मजा हिला. बेसमेंटमधल्या रायफलींच्या कपाटावर लोणच्याच्या बरण्या ठेवाव्यात की नाही, हा वाद ती जिंकली असे समजावे.

कलम दुसरे. आमच्या मराठी मंडळाचे चिटणीस श्री. गुरुदत्त यांनी गणपतीत, भर सभेत, "काय आठल्ये, व्याकरण सोडून बंदूक धरलीत?" असे विचारले होते. नेमबाजीच्या वेळी कानांवर घालायची माझी झाकणे मंडळास द्यावीत. चिटणीस बोलायला उभे राहिले की सभासदांनी ती पाळीपाळीने वापरावीत.

कलम तिसरे, ज्यासाठी हा सारा खटाटोप. माझी रॉस रायफल, पहिल्या महायुद्धात कॅनडाच्या सैनिकांच्या हाती दिलेली.

ती मला प्रथम दाखवली सॉल चेऊलकरने. सॉल मूळचा रेवदंड्याचा बेने इस्रायली ज्यू. शब्बाथ म्हणून शनिवारी नेमबाजीच्या रेंजवर येत नाही, रविवारी मात्र सगळ्यांच्या आधी हजर. म्हणाला, "नंदू, ह्यात फिरवायचं काय नाय. सरळ मागे ओढ, सरळ पुढे ढकल." मी बोल्ट, म्हणजे नळीचे मागचे तोंड बंद करणारा पोलादी दांडा, ओढला. हात सरळ गेला आणि आत पोलाद आपले आपण वळले. पुढे ढकलताच पुन्हा वळून नळीशी घट्ट बसले. मी तेच करत राहिलो.

"काडतूस घालणार की नुसती घंटा वाजवणार?" सॉलने विचारले.

मला पाठशाळेतला संधी आठवला होता. 'इति' आणि 'अपि' सरळ एकमेकांसमोर येतात, आणि भेटताक्षणी 'इत्यपि' होताना त्यातला इकार वळतो. हेच कोणीतरी पोलादात करून ठेवले होते, आणि तेही चिखलात लढणाऱ्यांसाठी. इतकी वर्षे झाली, बोल्ट ओढताना मला अजून गाभाऱ्यात उभे राहिल्यासारखे होते. दस्त्याच्या लाकडावर कोणा सैनिकाने आपली आद्याक्षरे कोरली आहेत. तो घरी परतला का, कोण जाणे. गाल टेकण्याआधी मी मनातल्या मनात त्याची परवानगी घेतो.

ही रायफल माझी मुलगी नीरजा हिला. ती इथून गाडीने चार तासांवर, कनाट्याला नोकरी करते आणि मी मराठीत विचारले की इंग्रजीत उत्तर देते. तिने एक गोष्ट जपावी. हा बोल्ट सुटा केला तर चुकीचाही जोडता येतो. मग तो पुढे जातो, बसतो, पण आत वळत नाही. संधी झाल्यासारखा दिसतो, झालेला नसतो. अशा वेळी चाप ओढला तर बोल्ट उलटा तोंडावर येतो. म्हणून काडतूस घालण्याआधी तो वळताना डोळ्यांनी पाहायचा. हे मी तिला इतक्यांदा सांगितले आहे की ती माझे वाक्य मध्येच तोडते, "बाबा, आय नो. वॉच इट टर्न."

इथवर काल लिहिले. आज सकाळी पद्मजा भात लावायला गेली आणि हसत बाहेर आली. "अहो, हा घ्या तुमचा फरारी. तांदळाच्या डब्यात होता."

मीही हसलो. तो डबा उघडणारी माणसे घरात दोनच, आणि तिने तो तिथे ठेवलेला नाही.

तेव्हा कलम चौथे लिहिणे भाग आहे. यंदा खंडेनवमीला मी नेहमीप्रमाणे रॉस सुटी करून पुसली, जोडली. पद्मजाने हळदकुंकू वाहिले. दसऱ्याला रेंजवर गेलो, काडतूस घातले, खांद्याला लावली. सॉलने माझ्या मनगटावर हात ठेवला.

"थांब नंदू. तो वळला नाय."

वळला नव्हता. मीच जोडला होता, आणि वळतो का ते पाहिलेही नव्हते. परतताना गाडी सॉलने चालवली. पुढे मी त्याला माझी दुसरी, स्विस रायफल लिहून देऊ केली, तर म्हणाला, "ज्याला काय मिळतं त्याला साक्षीदार होता येत नाय ना? मग मला काय नको. मी साक्षीदार होतो." सबब स्विस रायफल रेंजच्या क्लबाला.

हे चौथे कलम मात्र माझ्या मरणाची वाट न पाहता लागू व्हावे. रॉसचा बोल्ट नीरजाने आताच घेऊन जावा. बाकीची रायफल माझ्यापाशी राहू द्यावी, मी ती पुसत जाईन. रेंजवर बोल्ट तिने घालावा, वळताना तिने पाहावा, मग मला द्यायची की नाही ते तिने ठरवावे. दुपारी फोनवर तिला एवढेच सांगितले. ती चक्क मराठीत म्हणाली, "बाबा, मी येते."

वर 'पूर्ण शुद्धीत' असे लिहिले आहे. आज ते खरे आहे. ज्या दिवशी खरे नसेल त्या दिवशी ते मला कळणार नाही, याची मला भीती वाटते.

नंदकुमार गणेश आठल्ये
स्कारबरो, रविवार, ३० ऑक्टोबर १९८३

आम्हां दोघांच्या देखत नंदूने सही केली. लिहिलेले आधी स्वतः मोठ्याने वाचून दाखवले, कुठे चुकला नाही.
साक्षीदार: सॉल रूबेन चेऊलकर
साक्षीदार: सिल्व्हिया सॉल चेऊलकर