स्लॉटमधलं कुंकू

अण्णा, तारिहाळच्या आपल्या कारखान्यात ड्रॉइंगसाठी नवीन वर्कस्टेशन आलंय. रॅमच्या चारही पट्ट्या मीच बसवल्या, बायोसच्या सेटिंगमध्ये जाऊन त्यांचा वेग लावला आणि बघते तर मेमरी निम्मीच! दोन पट्ट्या नीट दाबल्या गेल्या नव्हत्या, एवढंच. पुन्हा बसवल्या, सगळी दिसली.

ती खंडेनवमी आठवली. मी नवीन लागलेली, तुमच्या हाताखाली शिकणारी. रॅम वाढवायची म्हणून तुम्ही कॉम्प्युटरचं झाकण काढून ठेवलं होतं. नव्या पट्ट्या दसऱ्यानंतर बसवायच्या होत्या. लेथला, ड्रिलला हळद-कुंकू लावून झालं. मला वाटलं, याची पूजा वरवर कशाला? पट्ट्या बसवायच्या दोन्ही रिकाम्या स्लॉटमध्ये मी चिमूट-चिमूट कुंकू सोडलं. भक्ती नुसती उतू चालली होती माझी!

दसरा झाल्यावर तुम्ही पट्ट्या बसवता, बायोसमधलं एकेक सेटिंग तपासता, आणि मेमरी काही वाढत नाही. मालक सगळ्यांसमोर म्हणतात, "अण्णा, जमत नाही तर हात कशाला घालता? सगळं सेटिंग बिघडवून ठेवलंत!" बायोसचा पासवर्ड बदलायला लावतात, नवा तुम्हाला सांगायचा नाही म्हणतात. ते मशीन उभं केलं होतं तुम्ही! आणि मी मूग गिळून उभी.

दुपारी तुम्ही पट्ट्या काढल्यात. त्यांच्या सोनेरी कडांना लाल लागलेलं. माझ्याकडे एकदाच पाहिलंत. खोडरबरानं पट्ट्या घासल्यात, ब्रशनं स्लॉट झाडलेत, पट्ट्या बसवून मशीन चालू केलंत. पूर्ण मेमरी! "पूजा बाहेरूनच करायची, पोरी," म्हणालात. मला रडू फुटलं तर म्हणालात, "इरली बिडु, असू दे. तुझी नोकरी नवीन आहे. कुणाला सांगू नकोस."

नाहीच सांगितलं. तुम्ही निवृत्त झालात, गेलात, त्यालाही किती वर्षं झाली. पासवर्ड तुम्हाला परत मिळाला नाही. आता तो माझ्याकडे आहे. मालक म्हातारे झालेत, पण दर खंडेनवमीला तेच सांगतात, "आमच्या अण्णांनी एकदा मेमरीच घालवली होती!" सगळे हसतात. मीही हसते, अण्णा. लाज वाटते मला त्या हसण्याची.

हे पत्र तुमच्यापर्यंत पोचायचं नाही, ते ठीक आहे. पण मालकांची केबिन माझ्या टेबलापासून दहा पावलांवर आहे, आणि तिथंही मी ते नेलेलं नाही.