परग्रहावरच्या माणसाचा साचा

मरोळ, १४ सप्टेंबर १९८६

प्रिय नलू,

पाच वर्षांनी पत्र आलं म्हणून घाबरू नकोस. आई बरी आहे. गुडघे कुरकुरतात, तीही कुरकुरते.

आमच्या मुखवट्यांच्या कारखान्याला टीव्ही मालिकेचं काम मिळालंय. परग्रहावरचा प्राणी करायचा होता. मी हौसेने आठ पायांचा केला, डोळे पोटावर. दिग्दर्शकांनी विचारलं, यात नट शिरणार कसा आणि चहा पिणार कुठून? मग म्हणाले, "गुणाजी, तो मेल्यावर लोक रडले पाहिजेत ना यार. थोडा आपल्यातला कर." तेव्हा कळलं, आकाशातून येणाऱ्या सगळ्यांना दोन डोळे आणि एक नाक का असतं ते. आत माणूस असतो आणि बघणाराही माणूसच. यात विज्ञान वगैरे काही नाही.

आमची पद्धत तुला ठाऊक आहे. नटाच्या चेहऱ्यावर प्लास्टर थापून साचा काढायचा, त्यात प्लास्टरचं तोंड ओतायचं, त्यावर शाडूने नवा चेहरा चढवायचा, मग रबर. या नटाला वेळ नव्हता. त्याच्या मापाचं एकच जुनं तोंड फळीवर होतं, कुंडलिकचं. आम्ही एकत्र काम करायचो तेव्हा, मला शिकता यावं म्हणून तो अर्धा तास प्लास्टरखाली पडून राहिला होता, नाकपुड्यांत दोन नळ्या घालून. माझा हात चुकला असता तर गुदमरला असता. पुढच्याच वर्षी तू आणि त्याने रजिस्टर लग्न केलंत. तुम्ही पाया पडायला आलात आणि मी दारातच त्याला म्हणालो, "तू आमच्यातला नाहीस." आई आतून ऐकत होती. मला शाबासकीच हवी होती बहुतेक.

आठ दिवस त्या तोंडावर शाडू लावत होतो. कपाळ वाढवलं, कान उडवले, रंग हिरवा दिला. हनुवटी मात्र त्याचीच राहिली. मालकांनी विचारलं, कोणाचं तोंड हे? मी म्हणालो, होता कोणीतरी. लाज वाटली, नलू.

मालिका येत्या रविवारी सकाळी लागतेय. तुमच्या मीराला मी अजून पाहिलेलं नाही, पण ती बापाला ओळखेल. तिने विचारण्याआधी तुम्हाला माझ्याकडून कळावं म्हणून हे लिहिलं. त्याचा चेहरा मी न विचारता वापरला, आणि त्याआधी पाच वर्षं त्याच्याकडे बघितलं नाही. मला तुमच्याकडे नाहूरला यायचंय. तू हो म्हणशील हे मला माहीत आहे. तू कुंडलिकला विचार.

तुझाच,
गुणाजी दादा