मे महिन्यातल्या तीन सहली

मिलान, २ फेब्रुवारी १९९७

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझा पासपोर्ट आल्याचं दादानं फोनवर सांगितलं आणि मी तडक स्टेशनवरून गाड्यांचं वेळापत्रक घेऊन आले. केतन दिवसभर ऑफिसात, म्हणजे आपण दोघी मोकळ्या. पहिली सहल कोमो तळ्याकाठच्या वारेन्नाला. आगगाडीनं तासाभराचा रस्ता, स्टेशनातून उतार उतरलं की धक्का, आणि तिथून बोटीनं पाव तासात बेल्लाजो. दुसरी स्त्रेझाला. तिथं तळ्याच्या मध्येच बेटं आहेत. एका बेटावर कोळ्यांचं गाव आहे, तिथं तू नाकाला पदर लावशील म्हणून ते मी वगळलंय. तिसरी सिर्मिओनेला, पाण्यात बांधलेला किल्ला बघायला.

सगळ्या सहली सकाळी जाऊन संध्याकाळी परत अशाच धरल्यात. मुक्काम म्हटला की तू पिठाचा डबा आणि पाणी गाळायचं फडकं घेऊन निघणार. दिवस मावळायच्या आत जेवायची घाईही नको, इथला सूर्य मेमध्ये लवकर हलत नाही.

पोटाचं दुखणं राजारामपुरीतल्या डॉक्टरांना दाखव. ओव्यावर भागवू नकोस. दादा-वहिनींना नमस्कार. लोभ आहेच, तो मेपर्यंत पुरवून ठेव.

तुझी,
आदिती


कोल्हापूर, २० फेब्रुवारी १९९७

चि. सौ. आदितीस,
जय जिनेंद्र व अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र नेमिनाथनं वाचून दाखवलं. मग मी चष्मा लावून पुन्हा वाचलं, कारण तो भरभर वाचतो. बोटीला छप्पर असतं का? चढताना हाताला धरायला काही असतं का? तू पोटात असताना नृसिंहवाडीला नावेतून पलीकडं गेलते, तेव्हा तुझ्या वडिलांनी माझा हात एवढा आवळून धरला की बांगडी पिचली. ते गेल्यापासून कुठं जावं असं वाटलंच नव्हतं. आता वाटतंय, हे तुलाच सांगते.

वारेन्ना आधी. किल्ला राहू दे, पन्हाळा काय कमी आहे? डब्याला दशम्या करू, त्या प्रवासात टिकतात. बोटीत बसून खाल्लं तर ती माणसं काही म्हणतात का, तेही कळव.

पोट अजून दुखतंच आहे. जेवण उतरत नाही, पोलकी ढगळ झालीत. तुझी वहिनी सुलोचना म्हणते की मी मिलानला मिरवायला बारीक होतेय. पुढच्या आठवड्यात तपासण्या आहेत. केतनरावांना आशीर्वाद. दोघं जपून राहा, आणि या म्हातारीवरची माया आहे तशी असू द्या.

तुझी,
आई


कोल्हापूर, २८ मार्च १९९७

चि. सौ. आदितीस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू रडायला लागलीस आणि मलाही पुढं बोलवेना, म्हणून लिहितो. आईला जठराचा कॅन्सर आहे आणि तो यकृतापर्यंत गेलाय. ऑपरेशनचा उपयोग नाही. औषधांनी थोडे महिने निघतील, पण हाल होतील, असं डॉक्टर म्हणाले. आई समोरच बसून ऐकत होती. रिक्षात बसल्यावर ती म्हणाली की मला गडहिंग्लजला मुनिमहाराजांकडं ने.

तिनं सल्लेखना मागितली. अन्न, मग दूध, मग ताक, मग पाणी असं एकेक सोडत शांतपणे देह ठेवायचा. महाराजांनी लगेच होकार दिला नाही. पुन्हा विचार करा म्हणून परत पाठवलं, आणि घरातल्या सगळ्यांची संमती हवी म्हणून बजावलं. मी दिली. कशी दिली ते विचारू नकोस.

माझ्या होकारावर त्यांनी सुरुवात करू दिली. आता अन्न आणि दूध सुटलंय, ताक चालू आहे. तुझी संमती आल्याशिवाय महाराज पुढचं काही सोडू देणार नाहीत. आई सगळ्यांची क्षमा मागतेय, भांडीवाल्या बाईचीसुद्धा. तुझीही मागितलीय.

काय लिहायचं ते विचार करून लिही. माझ्यावर राग धरलास तरी पत्र बंद करू नकोस.

तुझा,
नेमिनाथदादा


मिलान, ९ एप्रिल १९९७

ती. दादास,
नमस्कार.

मी संमती देणार नाही. राहण्याच्या परवान्याचे आमचे कागद सरकारदरबारी अडकलेत, आता देश सोडला तर परत आत घेणार नाहीत. नाहीतर मी स्वतः येऊन तिला भरवलं असतं.

येता येत नाही, पण लिहिता येतं. आजपासून दिवसाआड आईला पत्र टाकणार, प्रत्येक पत्रात एक गाव. कुठली गाडी, कुठला धक्का, बोटीत कुठल्या बाजूला ऊन नसतं, सगळं. तिला बोटीत बसायचं असेल तर जेवावं लागेल. तू तिला वाचून दाखव आणि एक ओळही गाळू नकोस. तू तिला जायला वाट करून दिलीस, मी तिला इकडं ओढते. बघू कुणाचं चालतं ते.

लोभ ठेवायचा की नाही, ते तू ठरव.

आदिती


कोल्हापूर, २६ एप्रिल १९९७

चि. सौ. आदितीस,
अनेक आशीर्वाद.

तुझी पत्रं येताहेत आणि मी सगळी वाचून दाखवतोय. बेल्लाजोच्या पायऱ्यांच्या गल्ल्या ऐकताना आई उशीला टेकून उठून बसते. मंगळवारी तिनं सुलोचनाकडं भाताची पेज मागितली. वाटी हातात घेतली, वास घेतला आणि खाली ठेवली. मग खूप रडली. तिनं पेज मागितली तेव्हा मलाही आनंद झाला होता, खोटं कशाला बोलू.

पण त्यानंतर तिच्याकडं बघवत नाही. णमोकार मंत्र म्हणता म्हणता मध्येच थांबून बोट किती वाजता सुटते ते विचारते आणि मग स्वतःच्याच तोंडावर मारून घेते. काल मी पत्र वाचायचं टाळलं, तर दिवसभर माझ्याशी बोलली नाही. आदिती, तू ओढतेस, पण ती येत नाही गं, नुसती ताणली जातेय.

ती स्वतः तुला लिहायला बसलीय. दोन ओळी झाल्या की दमते. आमच्यावरची माया आटू देऊ नकोस.

तुझा,
दादा


कोल्हापूर, २ मे १९९७

चि. सौ. आदितीस,
अनेक आशीर्वाद.

अक्षर वाकडं येतंय, समजून घे. पुरणपोळी सोडली, तूप सोडलं, त्याचं काही वाटलं नाही. तुझी पत्रं सुटेनात. मला तिथं यायचं होतं, अजून यावंसं वाटतं. पण हे शरीर येणार नाही. तू बघितलं नाहीस म्हणून तुला पटत नाही. जीव असा दोन्हीकडं राहिला तर माझं इथलंही नीट व्हायचं नाही.

मी रागावले नाही. तू हट्टी माझ्यासारखीच. संमती लिहायला तुझा हात उठायचा नाही, ते मला कळतं. म्हणून तू काहीच लिहू नकोस. हे पत्र पोचल्यावर तुझं पत्र आलं नाही, की मी तीच संमती समजेन. तसं महाराजांना विचारलंय, ते चालेल म्हणाले. आलं, तर मी ताक पीत तुझी वाट बघत राहीन. फोन करू नकोस, आवाज ऐकला की मी मोडेन.

माझं काही चुकलं असेल तर क्षमा कर. लोभ आता कमी करत आण, मीही आणते.

तुझी,
आई


कोल्हापूर, ६ जून १९९७

चि. सौ. आदितीस,
अनेक आशीर्वाद.

आई गेल्याचं फोनवर सांगितलं, बाकीचं आता लिहितो. आईचं पत्र तुला मिळण्याआधी टाकलेली तुझी पत्रं इथं येत राहिली. शिक्क्यावरची तारीख बघून मी तिला तसं सांगायचो, आणि आई ती पत्रं उघडू द्यायची नाही. मग पत्रं यायचीही थांबली. दुपारी पोस्टमनची सायकल वाजली की डोळे उघडायची. मी मान हलवायचो. तशी बरीच वाट बघून महाराजांनी तुझी संमती धरली. ताक सुटलं, पुढं पाणी.

शेवटच्या सकाळी ती शुद्धीवर होती. आदितीचं पत्र आलं का, म्हणून विचारलं. मी नाही म्हणालो, आणि ते खरंच होतं. हे ऐकून ती सुटेल असं मला वाटलं होतं. ऐकलं पोरीनं, एवढंच म्हणाली आणि भिंतीकडं तोंड केलं. डोळ्यांच्या कडा ओल्या झाल्या होत्या. सुलोचना पदरानं पुसायला गेली, तर तिनं पुसू दिल्या नाहीत.

आता मात्र लिहीत जा. मला लिही.

तुझा,
दादा