डोंगरावरची जागा

दि. ९ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

लकवा झाल्यापासून अंथरुणाला खिळलेली आई त्यात पलंगावरून पडली आणि डोंगरावरच्या शिबिराला यायचं तुझं राहूनच गेलं. तुझ्या जागेवर मी आले, तेही नवऱ्याने फार आग्रह केला म्हणून. आठवडाभर प्रार्थना आणि प्रवचनं म्हणजे जांभया येणार, असं धरूनच चालले होते. पण काल संध्याकाळी काय झालं ते कसं सांगू? चर्चच्या पाळकांचं बोलणं संपलं होतं. एकाएकी वाटलं, कोणीतरी मला आरपार ओळखतंय आणि तरीही माझ्यावर रागावलेलं नाही. मी हमसून रडले, आणि रडता रडता हसत होते. शेजारच्या अनोळखी बाईंनी माझा हात धरून ठेवला.

आता सगळं बदलणार बघ. चष्म्याच्या दुकानात काचा घासतानाही मी गाणार. सासूबाईंशी वाद बंद. आईचा पापा घे.

आहे तेवढी माया पुरते, तरी थोडी वाढव.
तुझी बडबडी


दि. २० फेब्रुवारी

चि. बडबडीस,
अनेक आशीर्वाद.

आईचा खांदा अजून सुजलेला आहे. तिची कूस सारखी बदलून द्यावी लागते. मशीनवर बसलं की ती हाक मारते. शाळेच्या गणवेशांचा ढीग तसाच पडलाय.

पत्र वाचून आनंद झाला, असं लिहायला बसले होते, पण हात चालेना. तेव्हा खरंच लिहिते. माझा जळफळाट झाला. लहानपणी रविवारची शाळा तू बुडवायचीस आणि तुझ्या वाटची बोलणी मी खायचे. वेदीवरचं कापड मी शिवते, चर्च मी झाडते, रोज गुडघे टेकते आणि उठते तेव्हा गुडघेच तेवढे दुखत असतात. आणि तुला शास्त्रातलं एक वचन धड पाठ नाही. तू माझ्या जागेवर जाऊन बसलीस आणि देव नेमका तेव्हाच आला. पत्ता चुकला म्हणायचं का त्याचा?

गा हवं तितकं. मला मात्र काही दिवस लिहू नकोस.

आशीर्वाद दिलेत ते परत मागत नाही.
ताई


दि. २५ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

लिहू नकोस म्हणालीस, तरी लिहिते. ज्याच्यासाठी माझ्यावर रागावलीस, ते आता माझ्याजवळ उरलेलंच नाही. पहिले काही दिवस मी तरंगत होते. मग एका गिऱ्हाइकाच्या डाव्या डोळ्याची काच उजवीकडे बसवली. मालक चारचौघांत बोलले आणि घरी येऊन मी तो राग नवऱ्यावर काढला. सासूबाईंनी शांतपणे विचारलं, डोंगरावरून देव आणला होतास तो कुठल्या कपाटात ठेवलास. हल्ली प्रार्थनेला बसते तर किराणा आठवतो. ती संध्याकाळ खोटी होती का गं?

पुढच्या महिन्यात पुन्हा शिबिर आहे. पाळकांकडे तुझं नाव देऊन आले आहे. आईपाशी मी राहीन. नाही म्हणू नकोस.

रागावलेली राहा, पण माझीच राहा.
बडबडी


दि. १८ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू डोंगरावर सुखरूप पोचली असशील. इकडचं ऐक. आई माझ्या हातून घास घेत नाही, तोंड फिरवते. दाराची कडी वाजली की तिचा चेहरा उजळतो आणि मी आत आले की विझतो. तिला धड बोलता येत नाही, पण तुझं नाव मात्र स्वच्छ येतं. काल मी तिच्यावर ओरडले, मी पण तुझीच ना, असं म्हणाले. मग मी मोरीत जाऊन रडले.

डोंगरावर माझं सगळ्या जगावर प्रेम बसलं होतं, ताई. इथे एक ओली चादर बदलताना ते पुरत नाही. तू हे वर्षानुवर्षं करतेस, तेही आजूबाजूला कोणी गात नसताना. तुला माझा हेवा वाटला. आता मला तुझा वाटतो, आणि तो जायचं नाव घेत नाही.

लवकर ये. माझ्यासाठी नाही, आईसाठी.
बडबडी


दि. २१ एप्रिल

चि. बडबडीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. आई माझ्यावाचून अडली हे वाचून मला आधी बरं वाटलं, मग लाज वाटली.

इथे मला काही झालं नाही. सगळे डोळे मिटून बसले होते आणि मी पुढच्या बाईंच्या खांद्यावरची वाकडी शिवण बघत होते. शेवटी एकटीच गच्चीवर गेले आणि देवाला स्पष्ट विचारलं, तिला का, मला का नाही. इतकी वर्षं प्रार्थना केली, पण मनातलं असं उघड त्याच्यापुढे कधी टाकलं नव्हतं. उत्तर आलं नाही. खोलीत आले आणि झोपले ती ऊन तोंडावर येईपर्यंत. अशी झोप आई आजारी पडल्यापासून लागली नव्हती. हेच का ते, असं पाळकांना विचारलं. ते म्हणाले, झोप ती झोपच, पण तीही दिलेलीच असते.

ती संध्याकाळ खोटी होती असं मला वाटत नाही. खोट्या गोष्टीवर मी इतकी जळले नसते.

रविवारी येते. लगेच परत जाऊ नकोस. मी आईला धरीन, घास तू दे. आज नाही घेतला तर उद्या घेईल. आणि जेवणं उरकली की त्या संध्याकाळचं मला पहिल्यापासून सांग. हेवा वाटेल. वाटू दे. तरी सांग.

तुझी,
ताई