रानहंस उतरले म्हणून

धाकटे,

थोरलीचे तुला आणि माझ्या लेकीला पोटभर आशीर्वाद. आईला नमस्कार सांग. मी बरी आहे, उगाच घोर लावून घेऊ नका.

इथे कोंबड्यांच्या शेडमागच्या तळ्यात रानहंस उतरलेत. बदकापेक्षा मोठे, लांब मानेचे. मुकादम म्हणतो, हे थंड मुलखातले, इकडे कधीच येत नाहीत. दिसायला देखणे आहेत मेले, पण ते आले आणि आमच्या कोंबड्या पटापट मरायला लागल्या.

शेडमध्ये शिरताना आम्ही चपला बदलतो, औषधाच्या पाण्यात पाय बुडवतो. तरी एक हंस पाण्याच्या टाकीत मरून पडला, तो मी तसाच हाताने उचलला. हातमोजे शोधत कोण बसतंय?

मुकादम ओरडला, "बाई, डोकं ठिकाणावर आहे का?"

मी म्हटलं, "तुमचं असतं तर टाकीला झाकण बसवलं असतंत."

आता मला वेगळ्या खोलीत ठेवलंय. डॉक्टर दारातूनच विचारपूस करतो. जेवण उंबऱ्यावर येतं, कामाला हात लावायचा नाही, महाराणीच झालेय. थोडा ताप आहे, एवढंच.

आईचा गुडघा कसा आहे? लेक तुला वेणी घालू देते का?

सुट्टीत तिला माझ्याकडे पाठवायचं ठरलं होतं, ते रद्द कर. तापाचं तिला सांगू नकोस, नाहीतर हट्टाने येईल. तिला सांग, "तुझ्या आईलाच तू नको आहेस." माझं तोंड बघणार नाही म्हणाली तरी चालेल, पण तिला गाडीत बसवू नकोस.

तुझी,
थोरली