लवकर जावं का, असं विचारलंस म्हणून

प्रिय दादा,

परवा फोनवर तू साधाच प्रश्न विचारलास. तुमच्या गावचा पार्क दहाला उघडतो, तर सुट्टीच्या दिवशी पोरांची झोपमोड करून नवालाच फाटकाशी जाऊन उभं राहण्यात काही अर्थ आहे का? मी "बघून सांगते" म्हणाले आणि गॅसवर काहीतरी ठेवलंय म्हणून फोन ठेवून दिला. गॅसवर काहीही नव्हतं. उत्तरही मला ठाऊक होतं. लवकर जा. असल्या कुठल्याही पार्कात पहिल्या तासात मोठ्या दोन-तीन राइड रांगेशिवाय होतात, अकरानंतर एकेकीला दीड दीड तास लागतो. हे मला कसं कळलं ते सांगायला मात्र पत्रच बरं. फोनवर तुझा आवाज ऐकला की मी सगळं गोड करून सांगते.

आमच्या बिट्टीला दहावं लागलं तेव्हा आम्ही इथल्या पार्कात गेलो होतो. आईने आदल्या दिवशीच बूट पुसून ठेवले होते, उन्हाची टोपी काढून ठेवली होती. तीस वर्षं पायी टपाल वाटलेली बाई, तिला वेळेची शिस्त काय शिकवायची? सकाळी सातला ती दाराशी स्टुलावर बसून होती. उशीर मी केला. आधी माझे केस, मग डबे, मग कुठल्या रस्त्याने जायचं यावरून ह्यांच्याशी वाद. पोचलो तेव्हा सव्वाबारा झाले होते आणि रांग तीन वळणं घेऊन गाड्यांपर्यंत आली होती. बिट्टीचं तोंड एवढंसं झालं. हे माझ्याकडे बघेनात. आई तेवढी म्हणाली, "उभं राहू या की, त्यात काय?"

तेवढ्यात मला बाजूचं छोटं फाटक दिसलं. एक म्हातारे गृहस्थ चाकांच्या खुर्चीत होते आणि त्यांच्यामागून त्यांचं अख्खं कुटुंब रांग न लावता आत जात होतं. खुर्च्या शेजारच्या काउंटरवर मिळत होत्या. मी आईला म्हटलं, बस जरा, दहा मिनिटांचा प्रश्न आहे. ती हसली, "मला काय धाड भरलीय?" मी हसले नाही. काउंटरवरच्या मुलीला मी सरळ सांगितलं की हिचे गुडघे गेलेत, हिला उभं राहवत नाही. त्या मुलीने काळजीने विचारलं, "खूप दुखतं का आजी?" आईने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "हो, हल्ली जरा."

दादा, आपल्याला खोटं बोललो म्हणून जेवणावरून उठवणारी आपली आई. ती माझ्या घरात राहते, म्हणून तिने ते म्हटलं. स्वतःच्या घरात असती तर मला चार शब्द ऐकवून रांगेत जाऊन उभी राहिली असती.

दहा मिनिटांनी कुठली सुटका? प्रत्येक राइडला तसंच फाटक, म्हणून दिवसभर तिला बसवूनच ठेवलं. तिसऱ्या राइडपाशी वाऱ्याने तिची टोपी उडाली. कुणाला काही कळायच्या आत ती उठली, दहा-बारा पावलं धावली आणि टोपी पकडली. रांगेत एक माणूस झोपलेलं पोर खांद्यावर घेऊन उभा होता. तो म्हणाला, "वा, बऱ्या झाल्या आजी." लोक हसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि मी काय केलं? आईच्या कानाशी वाकून म्हणाले, "जरा तरी भान ठेव, चारचौघांत माझी शोभा केलीस." बिट्टी शेजारीच होती. आई खुर्चीत बसली, दोन्ही पाय खुर्चीच्या खालच्या पट्टीवर नीट जुळवून ठेवले, आणि संध्याकाळपर्यंत उठली नाही. खुर्ची परत करताना त्या मुलीने विचारलं, "गाडीपर्यंत चालवेल ना आजी?" तेव्हाही आई माझ्याकडेच बघत राहिली. उत्तर मी द्यायचं होतं.

त्यानंतर तिचं सकाळचं फिरणं बंद झालं. आधी म्हणाली ऊन लागतं, मग म्हणाली बूट चावतात. महिन्याभराने बँकेत जायचं होतं तर विचारलं, "तिथे खुर्ची मिळते का गं?" डॉक्टरांनी गुडघे तपासले, फोटो काढले, काही नाही म्हणाले. मी तुला कळवलं की वय झालं आता. तू हळहळलास, गुडघ्यांचे पट्टे पाठवलेस, मलम पाठवलंस. ते मलम मी रोज तिच्या धडधाकट गुडघ्यांना चोळते आणि ती निमूट चोळून घेते.

काल मी धीर करून म्हटलं, "आई, त्या दिवशी माझं चुकलं." ती कपड्यांच्या घड्या घालत होती. म्हणाली, "पोरीला मजा आली ना, झालं तर." मग थोड्या वेळाने म्हणाली, "दादाकडे जायचंय, विमानतळावर खुर्ची सांगून ठेवलीस का?"

मी सांगितलेली नाही. रविवारी ती तुझ्याकडे येतेय, आणि बुधवारी तुम्ही सगळे पार्कात जाणार, म्हणून हे लिहितेय. तिला घेऊन लवकर जा आणि तुमच्याबरोबर रांगेत उभी कर. दमली तर बाकावर बसू दे. खुर्ची मागितली तर नाही म्हण, तिच्या डोळ्यांत बघून म्हण. हे मीच करायला हवं होतं, पण मी "ऊठ" म्हटलं तर ती उठेल, जशी "बस" म्हटल्यावर बसली तशीच. मला ते बघवणार नाही.

तुझीच,
धाकटी