गल्लीभर फिरलेलं कार्ड

१४ जानेवारी
संक्रांत. तिळगूळ वाटून झाले, आपली पिठाची गिरणी दुपारनंतर बंद. धुळ्याहून शोभाचा फोन. जावई गेल्यापासून ती नि नात त्याच दोन खोल्यांत भाड्याने राहतात, अकरा वर्षं झाली. मालक काकांनी घर विकायला काढलंय. आधी तिलाच विचारलं, हा त्यांचा मोठेपणा. आखाजीपर्यंत, म्हणजे एप्रिलातल्या अक्षय्य तृतीयेपर्यंत थांबतो म्हणाले, पुढे नाही. शाळेच्या पगारावर एकटीला कर्ज बसत नाही, आईचं नाव जोडलं तर बसेल.
मी म्हटलं, जोड की. नावाला काय पैसे पडतात?

१९ जाने.
पडतात. बँकेने माझा स्कोअर काढला, पत मोजायचा आकडा. ६४१. सातशेच्या वर हवा. चौथीपर्यंत शिकले पण नापास कधी झाले नव्हते. त्रेसष्टाव्या वर्षी झाले. क्रेडिट कार्डाचं बिल आलं की त्याच आठवड्यात भरते, एकदा चुकवलं नाही. मग मी कुणाचं काय घोडं मारलंय?

२३ जाने.
बँकेत गेले. स्नेहल म्हणून मुलगी आहे, धीराने बोलते. म्हणाली, "अक्का, दर महिन्याला कार्ड काठोकाठ वापरता. एवढं काय घेता?"
मी कुठे घेते? कार्ड गल्लीचं आहे. शेवयांचं मशीन माझं, पण फिरतं गल्लीभर. मोठं पातेलं माझं, बारशा-साखरपुड्याला फिरतं. तसंच हे. मोबाईलवर कार्डाने घेतलं की सूट मिळते, म्हणून कुणाचा मिक्सर, कुणाच्या सुनेचा फोन. पैसे माझ्या हातात रोख, बिल मी भरते. एकीनेही बुडवलं नाही. मला आपलं वाटायचं, जास्त घेऊन जास्त फेडलं की पत वाढते. वाण्याकडे तर मोठं खातं चुकतं करणाऱ्याला बसायला खुर्ची मिळते. इथे उलटं. काठोकाठ वापरलं की बँकेच्या मशीनला वाटतं बाई अडचणीत आहे.
मर्यादेच्या तिसऱ्या हिश्श्याच्या खाली ठेवा म्हणाली. बिल बारा तारखेला निघतं, त्या दिवशी जे दिसेल तेच वर कळवतात.
म्हणजे आता गल्लीला नाही म्हणायचं. ते कसं म्हणतात, ते तिने सांगितलं नाही.

२ फेब्रु.
पहिली कमलच आली. भिंतीला भिंत लागून घर तिचं. उन्हाळ्याआधी कूलर घ्यायचा होता. नाही म्हटलं.
"काय व आक्का, बठ्ठासले चालस तुनं कार्ड, मालेच नई?"
सगळ्यांना चाललेलं कार्ड तिलाच का नाही, म्हणून शोभाच्या घराचं सांगितलं सगळं. ऐकून घेतलं तिने. जाता जाता म्हणाली, "मंग शेवयासनं मशीन तरी देशी ना, का त्यालेबी स्कोर शे?"
मशीनला कसला आलाय स्कोअर, ने की म्हटलं. दोघी हसलो. तिचं हसू अर्धंच होतं.

१३ फेब्रु.
बिल निघालं. माझ्या गोळ्या नि गिरणीचा पट्टा, बस्. असं हलकं बिल पहिल्यांदा.
बायका दळण टाकतात, पीठ घेतात, जातात. आधी ज्वारी-उडदाचा कळणा दळून होईस्तोवर बसायच्या, उखाळ्यापाखाळ्या काढायच्या. आता चक्कीचाच आवाज.

१६ मार्च
६८९! शोभाने फोनवर तीनदा आकडा म्हणायला लावला. नातीने भिंतीचा रंगही ठरवलाय, जांभळा. जांभळ्या भिंती कुणाच्या घरात असतात, विचारलं. "आपल्या," म्हणाली.
स्नेहल म्हणते, एप्रिलचं बिल असंच हलकं आलं तर काम होईल बहुतेक. तोवर कार्डाला हात लावायचा नाही.
ज्वारीच्या कोठीत, तळाशी घातलं. माझा माझ्यावर भरवसा नाही.

२ एप्रिल
कमलने मशीन परत केलं. लख्ख पुसलेलं, वर वाटीभर शेवया. उंबऱ्यातूनच दिलं. आत ये म्हटलं तर म्हणे चूल पेटलीय. गॅस आहे तिच्याकडे.

११ एप्रिल
गिरणी लवकर बंद केली.
कमलचा नवरा बापू, गवंडी. सकाळी कामावर गच्चीवरून पडला. मांडीचं हाड. धुळ्याला नेलं, कमल गाडीत सोबत गेली. अर्ध्या गल्लीला तिने फोन केला, मला नाही. मला दळणाला आलेल्या बाईकडून कळलं.
शोभाला कळवलं, ती शाळेतून तशीच दवाखान्यात गेली. ऑपरेशन आजच करायचं, आधी रक्कम भरायची. गल्लीने जमवलं ते पुरेना. कमल कानातले काढून मुठीत धरून बसलीय, शोभा म्हणाली.
मी म्हटलं, कार्डावर भर. कार्डाचा नंबर तिच्याकडे आहेच.
तिने नंबर घातला. मग, "आई, आज अकरा तारीख आहे."
"माहितीये. ओटीपी आलाय, घे लिहून."
सहा आकडे. एकेक सावकाश सांगितला. प्रत्येक आकडा तिने माझ्यामागून म्हटला, लहानपणी पाढे म्हणायची तसा.

१२ एप्रिल
बापूचं ऑपरेशन नीट झालं. बिल निघालं, काठोकाठ. एका दिवसात एवढे कुठून आणून भरणार होते? गिरणीत दळण रांगेला, चित्त नाही. एकीची बाजरी दुसरीच्या गव्हात गेली.
शोभाचा फोन नाही.

१७ एप्रिल
६५२.
स्नेहलने कॉम्प्युटरचा पडदा माझ्याकडून जरा वळवून घेतला. सगळं सांगितलं तिला. बापू, गच्ची, अकरा तारीख. विचारलं, हे लिहायला मशीनमध्ये जागा आहे का कुठे? नाही. मोठ्या साहेबांशी बोलू? त्यांनाही आकडाच दिसतो. पुढचं बिल मे महिन्यात.
"तुम्ही काही वाईट केलं नाही हो अक्का," म्हणाली. पाणी दिलं. प्यायले. आणखी काय करणार?

१९ एप्रिल, आखाजी
आखाजीला पितरांची घागर भरतात, ह्यांच्या नावाची भरली. आमरस, पुरणपोळी. शोभा नि नात कालच आल्या. स्वयंपाक करताना विचारलंच तिला, रागावलीस का?
पुरण वाटता वाटता म्हणाली, "नाही म्हणाली असतीस तर कमलकाकूंसमोर मला उभं राहवलं नसतं." मग, खाली बघून, "पण घर हवं होतं गं आई."
मी तव्यावरची पोळी उलटली.
दुपारी कमल आली, धुळ्याहून दोन तासांसाठी. सोबत गल्लीतल्या चौघीजणी. बिलाचे निम्मे पैसे रुमालात बांधून आणलेले, उरलेले बापू उभा राहिला की. भरले तरी आकडा मे महिन्यातच हलणार, हे त्यांना सांगितलं नाही. आज कमल आत येऊन बसली, कितीतरी दिवसांनी.
मालक काकांकडे आज संध्याकाळी दुसरं गिऱ्हाईक येणार आहे. शोभाने त्यांना निरोप ठेवलाय, मे अखेरपर्यंत थांबाल का म्हणून.
निंबाला झोका बांधलाय. शोभाला बायकांनी ओढून बसवलं, फोन माझ्या मांडीवर ठेवून गेली. कमल झोका देत होती. गौराईची गाणी चाललेली. तेवढ्यात फोन वाजला. पडद्यावर मालक काकांचं नाव.
हाक मारली, शोभे, उचलू का?
झोका उंच गेलेला. वरूनच म्हणाली, "थांब आई, एवढा एक होऊ दे."
फोन हातात धरून बसले. अजून वाजतोय.